आपल्या शाळेतल्या सरांचा सत्कार: नागपूरकर माजी विद्यार्थ्यांसाठी पहिल्या फोनपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर "आपल्या सरांसाठी काहीतरी करू या" असा मेसेज पडला की तासाभरात सगळ्यांचे अंगठे येतात आणि लगेच चर्चा सुरू होते: हॉल कोणता, पाहुणे कोण, शाल कितीची. ही चर्चा शेवटी करायची असते. शाल-श्रीफळाचे कार्यक्रम नागपुरात दर रविवारी कुठे ना कुठे होतात. त्यांतला लक्षात राहतो तो, ज्यात समोर बसलेल्या शिक्षकाला स्वतःचा वर्ग पुन्हा ऐकू येतो. आपण काय शिकवलं, कसं शिकवलं आणि त्यातलं मुलांजवळ आज काय उरलं आहे, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं पाहिजे. त्यासाठी आठवणी आधी जमवायच्या आणि बाकीची व्यवस्था त्यांच्या मागून करायची.

माध्यमिक शाळेतला विषयशिक्षक एका वर्षात तीन-चार तुकड्यांना शिकवतो. तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हाताखालून गेलेली मुलं एका बॅचमध्ये मावत नाहीत. म्हणून हा सोहळा एकाच बॅचने आपल्यापुरता करू नये. सरांच्या नोकरीच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटच्या वर्षांतली अशा तिन्ही काळांतली माणसं समितीत घ्या. सात-आठ जण पुरेत, त्यांत निम्म्या मुली असाव्यात. समिती मोठी झाली की फक्त बैठका होतात.

आधी घरच्यांशी बोला

बऱ्याच जणांना सरांना सरप्राइज द्यायची हौस असते. ते करू नका. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अचानक दोनशे लोकांसमोर उभं करणं त्यांच्या तब्येतीला आणि मनालाही जड जातं. आधी त्यांच्या पत्नीशी किंवा मुलाशी-मुलीशी फोनवर बोला. गुडघे कसे आहेत, ऐकू किती येतं, मधुमेह आहे का, औषधाची वेळ कोणती, संध्याकाळी बाहेर पडतात का, हे सगळं स्पष्ट विचारा. घरात नुकतंच काही दुःखद घडलं असेल तर तेही इथेच कळतं आणि तारीख पुढे ढकलता येते.

मग दोघा-तिघांनी घरी जा. सर म्हणतील, "सत्कार-बित्कार काही नको." बहुतेक चांगले शिक्षक हेच म्हणतात. तेव्हा गळ घालत बसण्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारा: "सर, तुम्हाला कोणाकोणाला भेटायचं आहे?" नावं निघायला लागतात. शाळेतले जुने सहकारी, स्टाफरूममध्ये चहा आणणारे शिपाई काका, कधीकाळी शाळा सोडून गेलेला एखादा मुलगा. ती नावं तिथेच लिहून घ्या. ती माणसं आली तर सरांसाठी अर्धा कार्यक्रम तिथेच झाला. त्यांना काय नको आहे हेही विचारा. कुणाला पाय धुणं-पुसणं नको असतं, कुणाला पुढाऱ्यांच्या हातून सत्कार नको असतो, कुणाला पैशाची थैली नको असते. "नको" म्हटलं तर खरोखर नको, असंच समजा.

तारीख

निवृत्तीनिमित्त सत्कार असेल तर लक्षात घ्या की महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षक वयाच्या ५८व्या वर्षी, जन्माच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. त्या दिवशी शाळेतला निरोप, कागदपत्रं, सह्या यातच त्यांचा जीव गुंतलेला असतो. माजी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम महिना-दोन महिन्यांनी ठेवलेला बरा.

५ सप्टेंबर सगळ्यांना आठवतो. राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी १९६२ पासून शिक्षक दिन साजरा होतो. पण त्या दिवशी शाळांमध्ये स्वतःचेच कार्यक्रम असतात, आणि पोळा, तान्हा पोळा, मारबत, गणपती, पितृपक्ष यांतलं काही ना काही मागेपुढे असतंच. शिक्षिकेचा सत्कार असेल तर ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, हा फार चांगला दिवस आहे. गुरुपौर्णिमेला ऐन पावसात बाहेरगावची मुलं येत नाहीत.

नागपूरची स्वतःची काही गणितं आहेत. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स आणि बर्डीकडचे रस्ते मोर्चांमुळे अडतात, हॉटेलांत खोल्या मिळत नाहीत. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते. त्या तीन-चार दिवसांत लक्ष्मीनगर-रामदासपेठेच्या बाजूला कार्यक्रम ठेवू नका आणि रेल्वेचं तिकीटही गृहीत धरू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, ज्येष्ठांना बाहेर काढायचा तो काळच नव्हे. सगळ्यांत सोयीचे दोन मुहूर्त: भाऊबीजेनंतरचा शनिवार किंवा रविवार, कारण पुण्या-मुंबईची आणि बेंगळुरूची मुलं तेव्हा घरी असतात, किंवा जानेवारीच्या उत्तरार्धातला रविवार. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख किमान दहा आठवडे आधी जाहीर करा. दिवाळीच्या दिवसांत पुणे-नागपूर गाड्या पहिल्याच सकाळी भरतात.

मुलं शोधणं

जुना वर्गफोटो हे सर्वांत चांगलं साधन. तो ग्रुपवर टाका आणि रांगेप्रमाणे नावं भरायला सांगा, एकाला दुसरा आठवतो. शाळेकडून दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल मागू नका, शाळा ती देणार नाही आणि देऊही नये. त्याऐवजी मुख्याध्यापकांना विनंती करा की तुमचं निवेदन फलकावर लावावं आणि चालू विद्यार्थ्यांमार्फत घरी पाठवावं. नागपुरात आई किंवा काका त्याच शाळेत शिकलेले असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

यादीत मुलींचं माहेरचं नाव आणि आताचं नाव असे दोन वेगळे रकाने ठेवा. हे न केल्यामुळे मुली सापडत नाहीत आणि यादी फक्त मुलग्यांची होते. व्हॉट्सॲपवर नसलेल्यांसाठी भागांप्रमाणे एकेक माणूस नेमा: महाल-इतवारीचा एक, नंदनवन-मानेवाड्याचा एक, धरमपेठ-गोकुळपेठेचा एक, हिंगण्याकडचा एक. जे अजून त्याच मोहल्ल्यात राहतात आणि ज्यांचं फेसबुक नाही, त्यांच्याकडेच बऱ्याचदा सरांच्या सर्वांत जिवंत आठवणी असतात.

आठवणी: इथे वेळ द्या

"सरांबद्दल चार शब्द लिहा" असं सांगितलं की प्रत्येकाकडून तेच चार शब्द येतात: शिस्तप्रिय, प्रेमळ, आदर्श, मार्गदर्शक. दोष लिहिणाऱ्याचा नसतो, प्रश्नच तसा असतो. म्हणून नेमके प्रश्न पाठवा. सरांचा कोणता तास आठवतो आणि फळ्यावर काय होतं? त्यांनी वहीवर लिहिलेला एखादा शेरा आठवतो का? ते तुमच्यावर कधी रागावले, आणि नंतर काय झालं? आज कामावर किंवा घरात तुम्ही कोणती गोष्ट त्यांच्यामुळे तशीच करता?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. एखादी परिचारिका सांगते की औषधाचं नाव ती आजही दोनदा वाचते, कारण विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेत बाटलीवरचं लेबल दोनदा वाचायला लावायच्या. एवढ्या एका वाक्यात बाईंची पंचवीस वर्षं उभी राहतात.

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्याकडून दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज घ्या. बोलताना माणूस खरं बोलतो. तो कुणीतरी बसून उतरवून घ्यायचा आणि बोलणाऱ्याला दाखवून मगच वापरायचा. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवले की त्यांची प्रत घसरते, तेव्हा ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. जुना फोटो काचेच्या फ्रेममधून काढून, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न मारता टिपा.

एक काळजी घ्या. "सरांनी माझी फी भरली होती", "बाईंनी घरी ठेवून शिकवलं" अशा आठवणी येतील. त्या सभेत सांगायच्या असतील तर त्या विद्यार्थ्याची परवानगी हवी आणि सरांचीही. ज्याने गुपचूप मदत केली त्याला ती जाहीर झालेली कदाचित आवडणार नाही. टोपणनावं, नकला, एखाद्याच्या बोलण्याच्या लकबीवरचे विनोद गॅदरिंगपुरते ठीक असतात, सत्काराच्या मंचावर नकोत.

मानपत्र

शालीची घडी कपाटात जाते, सन्मानचिन्ह टीव्हीच्या बाजूला धूळ खातं, मानपत्र मात्र भिंतीवर राहतं आणि नातवंडं ते वाचतात. तरी सगळ्यांत घाईने तेच लिहिलं जातं, बहुधा आदल्या रात्री आणि तेही दुसऱ्या कुणाच्या मानपत्रावरून.

नेहमीचं मानपत्र असं असतं: "आपण ज्ञानाचे अथांग सागर, चारित्र्याचे हिमालय, असंख्य विद्यार्थ्यांचे दीपस्तंभ आहात." यात नाव बदललं की ते कुणालाही चालतं. आता हा नमुना पाहा:

"सर, भूमितीचं प्रमेय फळ्यावर लिहिण्याआधी आपण वर्गाला विचारायचात, 'हे खरं कशावरून?' आणि मागच्या बाकावरून उत्तर येईपर्यंत खडू हातात धरून थांबायचात. आमच्यातली जी पुढे वकील झाली ती सांगते, उलटतपासणी मी तिथे शिकले."

हे दुसऱ्या कुणाच्या मानपत्रात टाकता येणार नाही. जमलेल्या आठवणींतून असे तीन-चार प्रसंग निवडा. सुरुवातीला सरांचं पूर्ण नाव, शाळा, विषय आणि सेवेची वर्षं, मध्ये प्रसंग, शेवटी "आम्ही आपले विद्यार्थी" आणि तारीख. अडीचशे शब्दांच्या वर नेऊ नका, कारण ते मोठ्याने वाचायचं आहे आणि चौकटीत वाचता येईल अशा अक्षरात बसायचं आहे. एकानेच लिहावं, दोघांनी तपासावं. नाव, पदव्या आणि वर्षं घरच्यांकडून पडताळून घ्या. छपाईला देताना मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये हे विचारा, कारण फॉन्ट बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. कागदावर काढलेलं प्रूफ हातात घेऊन, शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचा. सरांच्या मानपत्रात ऱ्हस्व-दीर्घाची चूक गेली तर सगळ्यात आधी त्यांनाच दिसेल.

स्मरणिका काढायची असेल तर छोटी काढा. पुस्तकाची पानं साधारण सोळाच्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही. ४८ किंवा ६४ पानं भरपूर झाली. जाहिराती घेऊ नका. सरांच्या फोटोसमोरच्या पानावर फ्लॅट स्कीम असेल तर पुस्तकाचा सगळा मान जातो.

सरांचा आवाज जपून ठेवा

कार्यक्रमाआधी एखाद्या सकाळी घरी जाऊन सरांची मुलाखत रेकॉर्ड करा. फोन विमान मोडवर, कॉलरला साधा माइक. पंखा आणि मुख्य म्हणजे कूलर बंद, नाहीतर रेकॉर्डिंगभर त्याचीच घरघर ऐकू येते. म्हणूनच हे काम थंडीत करावं. एका बैठकीला पाऊण तास पुरे. पहिल्या दिवशी वर्गात पाऊल ठेवलं तेव्हा काय वाटलं, कोणता धडा शिकवायला सर्वांत कठीण, कोणत्या मुलाने तुम्हाला काही शिकवलं, हे विचारा आणि गप्प बसा. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी थोडं थांबा, खरी गोष्ट पुढच्याच वाक्यात येते. यातला तीन मिनिटांचा तुकडा कार्यक्रमात दाखवा. पूर्ण रेकॉर्डिंग घरच्यांना द्या.

पैसे

वर्गणी ऐच्छिक ठेवा, किमान रक्कम ठरवू नका. देणाऱ्यांची नावं अकारविल्हे, रकमेशिवाय. ज्याला शंभर रुपये जमतात आणि ज्याला दहा हजार जमतात, दोघंही एकाच वर्गात बसलेले असतात. शक्य तर दोघांच्या संयुक्त खात्यात पैसे घ्या आणि दर रविवारी ग्रुपवर जमाखर्च टाका. हा एक नियम पाळला तर नंतरची निम्मी कटकट वाचते.

थैली द्यायची असेल तर आयकराचा नियम माहीत असू द्या: नात्याबाहेरच्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या पैशांची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली तर ती संपूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणजे तुमच्या प्रेमाचा कर सरांना भरावा लागू शकतो. सर अजून नोकरीत असतील तर रोख आणि महागडी भेट टाळाच.

मला स्वतःला त्याहून बरा वाटतो तो शाळेतला कायमचा पुरस्कार. एक लाख रुपये शाळेच्या संस्थेच्या नावे मुदत ठेवीत ठेवले आणि व्याज साडेसहा टक्के धरलं, तर वर्षाला ६,५०० रुपये मिळतात. त्यातून सरांच्या विषयात चांगली प्रगती करणाऱ्या दहावीच्या एका मुलाला किंवा मुलीला पुस्तकं आणि रोख बक्षीस देता येतं. संस्थेच्या सचिवांकडून लेखी घ्या की मुद्दल मोडणार नाही, निकष काय असेल आणि निवड कोण करेल. "सर्वाधिक गुण" इतकाच निकष न ठेवता "नववीपेक्षा दहावीत सर्वाधिक सुधारणा" असा ठेवला तर शिक्षकाच्या कामाला तो जास्त शोभतो.

वस्तू द्यायचीच असेल तर आपल्याकडची द्या. बाईंना विदर्भाची करवतकाठी साडी, सरांना भंडाऱ्याकडच्या कोसा रेशमाचं उपरणं किंवा वर्ध्याची खादीची शाल. मोठी ट्रॉफी घरात कुठे ठेवायची हा प्रश्नच असतो.

जागा

पहिली पसंती शाळा. मुख्याध्यापक आणि संस्थेचे सचिव दोघांच्या नावे अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, अंदाजे माणसं, माइक, जेवण आणि नंतरची साफसफाई कोण करणार हे लिहा. सरांना त्यांच्या जुन्या वर्गात नेऊन फळ्यासमोर उभं करता आलं तर दुसऱ्या कुठल्या सजावटीची गरज नाही. वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल आणि जिना चढवत नसेल तर तळमजल्यावरच्या खोलीत तेच बाक मांडा.

शाळा मिळाली नाही तर माणसं मोजून हॉल घ्या. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह किंवा सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह भव्य आहे, पण दीडशे माणसं तिथे हरवून जातात. झाशी राणी चौकातलं विदर्भ साहित्य संघाचं संकुल किंवा लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह अशा कार्यक्रमांच्या ओळखीच्या जागा आहेत. झाशी राणी चौकाला मेट्रोचं स्थानक आहे, लोकमान्य नगरकडून किंवा प्रजापती नगरकडून येणाऱ्या ज्येष्ठांना ते सोयीचं पडतं.

जागा पाहायला गेलात की स्वतः मंचावर चढून पाहा. पायऱ्यांना कठडा आहे का? मंचावरचा मऊ, खोल सोफा दिसायला छान, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठता येत नाही आणि प्रत्येक हाराच्या वेळी दोघांना हात द्यावा लागतो. तिथे हाताची, उंच बैठकीची लाकडी खुर्ची ठेवा. बाथरूम किती लांब आहे आणि भारतीय पद्धतीचंच आहे का, हेही बघून घ्या.

प्रत्यक्ष संध्याकाळ

थंडीत पाचला सुरू करा आणि साडेसहापर्यंत मुख्य कार्यक्रम संपवा. नव्वद मिनिटं. कुठलाही पाहुणा उशिरा आला तरी कार्यक्रम थांबणार नाही, हे समितीने आधीच ठरवावं. अध्यक्ष म्हणून सरांचे जुने मुख्याध्यापक किंवा सहकारी शिक्षक बोलवा. ते सरांना ओळखतात आणि कार्यक्रमभर बसतात.

स्वागत आणि प्रास्ताविक दहा मिनिटांत. मग चार-पाच विद्यार्थी, वेगवेगळ्या काळातले, प्रत्येकी चार मिनिटं, प्रत्येकी एकच आठवण. आधी त्यांच्याकडून लिहून घ्या, म्हणजे दोघं एकच गोष्ट सांगणार नाहीत. नंतर मुलाखतीचा तुकडा. मग सत्कार. औक्षण, शाल, श्रीफळ, शेवटी मानपत्राचं वाचन. मानपत्र वाचताना सरांना बसू द्या. सरांच्या सोबत पत्नीचा, किंवा बाईंच्या सोबत यजमानांचा सत्कार झालाच पाहिजे. रात्री घरी बसून वह्या तपासल्या जात होत्या तेव्हा घर कोण सांभाळत होतं, हे मंचावरून म्हणा. स्टाफरूममधले शिपाई काका आले असतील तर त्यांनाही गुलाबाचं फूल आणि मंचावर खुर्ची.

सरांच्या भाषणाला वेळेची मर्यादा घालू नका. सगळ्यांचं बोलणं आखडतं घ्यायचं ते यासाठीच. त्यांच्यासमोर पाणी आणि उंची बदलता येईल असा माइक ठेवा, जवळ एक विद्यार्थी उभा राहू द्या.

नमस्कारासाठी रांग लागते तेव्हा सरांना बसवूनच ठेवा आणि एकाने बाजूला उभं राहून येणाऱ्याचं नाव, बॅच आणि तुकडी हळूच सांगावी. "ओळखलंत का सर?" हा प्रश्न विचारू नका असं सगळ्यांना आधी बजावा. आठवण न आल्याचं दुःख म्हाताऱ्या शिक्षकाला फार होतं. आपणच सांगायचं: "मी अमुक, ब तुकडी, खिडकीजवळ बसायचो."

जेवण साधं पण वैदर्भीय ठेवा. वडाभात, कढी, सांबारवडी, पाटोडीचा रस्सा आणि शेवटी संत्रा बर्फी. बाहेरगावहून आलेल्यांना हेच हवं असतं. तारखेला एकादशी किंवा चतुर्थी आहे का ते कॅलेंडरात बघा. सरांचं ताट त्यांच्या औषधाच्या वेळेप्रमाणे आधी लावा आणि त्यांना घरी सोडायला गाडी आणि माणूस ठरवून ठेवा.

शिक्षक अंथरुणाला खिळलेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवा. पाच जणांनी घरी जावं, मानपत्र वाचावं, बाकीच्यांचे आवाज फोनवर ऐकवावेत आणि अर्ध्या-पाऊण तासात निघावं.

सर अजून सेवेत असतील तर

तेव्हा सत्कारापेक्षा पुरस्काराच्या अर्जाला मदत करणं जास्त उपयोगाचं ठरू शकतं. केंद्राच्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी शिक्षकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करावा लागतो. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या निवडीनंतर तो पुढे जातो. पुरस्कारात प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५०,००० रुपये असतात. राज्याचा पुरस्कार सावित्रीबाईंच्या नावाने दिला जातो. चांगले शिक्षक असे अर्ज भरायला संकोचतात, आणि भरायला बसले तर पुरावे सापडत नाहीत. प्रयोगांचे फोटो, मुलांनी केलेले प्रकल्प, शाळाबाह्य मुलांना परत आणल्याच्या नोंदी, विद्यार्थ्यांची तारखेसह पत्रं असं सगळं जमवून, स्कॅन करून, वर्षवार लावून देणं हे माजी विद्यार्थ्यांचं काम.

नंतरची कामं

आठवड्याच्या आत संपूर्ण हिशेब बिलांसह ग्रुपवर टाका. उरलेले पैसे शाळेच्या ग्रंथालयाला द्या आणि पावती घ्या. शाळेला, हॉलवाल्यांना, सूत्रसंचालन करणाऱ्याला आभाराचा फोन करा. न येऊ शकलेल्यांना कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवा. निवडक पन्नासेक फोटो छापून अल्बम करा, पेन ड्राइव्ह देऊ नका, कारण तो लावून बघणं सरांच्या पिढीला अवघड जातं. अल्बममध्ये प्रत्येक फोटोखाली नावं आणि बॅच मोठ्या अक्षरात लिहा. तो द्यायला दोघांनी जा, आणि जाताना कार्यक्रमात वाचायला न मिळालेल्या सगळ्या आठवणी छापून, पिन मारून सोबत न्या. शेवटच्या पानावर समितीतल्या दोघांचे फोन नंबर मोठ्या अंकांत लिहा, म्हणजे वाचताना एखादं नाव दिसून सरांना त्या विद्यार्थ्याशी बोलावंसं वाटलं तर तुम्ही तो फोन जुळवून देऊ शकाल.